एक ओंडका, चार महिने

तीन वर्षांपूर्वीच्या वळवात आमच्या सोसायटीतल्या आंब्याची एक जाड फांदी मोडून पडली. ती न्यायला टेम्पो यायचा होता, तो नेहमीप्रमाणे आला नाही. तेवढ्यात मी माळीकाकांना गाठलं. "काका, यातला मांडीएवढा जाड एक तुकडा पार्किंगच्या मागे, भिंतीपासून जरा लांब टाकून ठेवाल का?"

"कशाला ताई? वाळवी लागंल त्याला."

"लागू दे."

काकांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ओंडक्याकडे, आणि काही न बोलता तो सरकवून दिला. पहिल्या पावसाळ्यात त्यावर काहीच आलं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'मागच्या बाजूचा कचरा' या नावाने त्याचा दोनदा उद्धार मात्र झाला. दुसऱ्या वर्षी, आर्द्रा लागून आठवडा झाला असेल, सकाळी डबा रिकामा करायला मागे गेले तर सालीच्या भेगेतून तपकिरी, मऊ, ओले कान बाहेर आले होते. एक नाही, सात. पाळीसकट कान.

तुमच्या घरामागे, शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर असा एखादा ओंडका असेल तर तो या पावसाळ्यात उचलू नका. त्याचं काय करायचं ते सांगते.

या अळंबीचं शास्त्रीय नाव ऑरिक्युलारिया. लॅटिनमध्ये 'ऑरिक्युला' म्हणजे छोटा कान. चिनी लोक तिला 'मू-अर' म्हणतात, म्हणजे लाकडाचा कान. जपानी 'किकुरागे' म्हणतात, म्हणजे झाडावरचा जेलीफिश. युरोपात ती एल्डर नावाच्या झाडावर जास्त दिसते, आणि येशूला दगा देणाऱ्या ज्यूडासने त्याच झाडाला गळफास घेतला अशी तिकडची दंतकथा, म्हणून तिथे हा ज्यूडासचा कान. आपल्याकडे जमिनीतून येतं ते भूछत्र, खायची ती अळंबी, गोव्यात तीच अळमी, आणि उरलेलं सगळं कुत्र्याची छत्री. लाकडावर उगवणाऱ्या या लिबलिबीत जिनसेला वेगळं नाव द्यावं इतकं कुणाचं तिच्याशी काम पडलं नसावं. मी आपलं 'कानअळंबी' म्हणते. चालवून घ्या.

ओळख डोळ्यांपेक्षा बोटांनी लवकर पटते. स्वतःच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून दाबा. आत थोडं कुरकुरीत, वरून मऊ, सोडलं की जागेवर येणारं. ओली कानअळंबी हाताला अशीच लागते, फक्त गार. वरच्या बाजूला, म्हणजे लाकडाकडे पाठ असते तिकडे, बारीक लव असते. काही जातींत ती इतकी दाट असते की पाठ राखाडी मखमलीसारखी दिसते. खालची बाजू गुळगुळीत, चकचकीत. सह्याद्रीच्या ओल्या रानात आणखी एक जात भेटते, ऑरिक्युलारिया डेलिकाटा. तिच्या खालच्या बाजूला जाळी असते, वाकून पाहिलं तर अनारशाची आठवण यावी अशी. छत्रीसारख्या अळंबीला खाली पडदे असतात, कानाला ते नाहीत. बीजाणू तयार होतात ते या गुळगुळीत किंवा जाळीदार पोटावर.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढे घोळ होतो. कानासारख्या लिबलिबीत अळंब्यांना 'जेली अळंबी' म्हणतात, पण ते एका कुळाचं नाव नाही. जेलीसारखं अंग ही युक्ती बुरशांच्या निरनिराळ्या घराण्यांना वेगवेगळी सुचलेली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू धरणाऱ्या पेशी बघितल्या की घराणी कळतात. कानअळंबीत ती पेशी लांबट असते आणि तिला आडवे पडदे पडून एकावर एक चार खण होतात, उभ्या डब्यासारखे. ट्रेमेला या दुसऱ्या गटात पेशी गोलसर आणि चिरा उभ्या, सोललेल्या मोसंबीच्या फोडींसारख्या. तिसरा गट डॅक्रिमायसीटींचा, त्यांत पेशीला गलोलीच्या बेचक्यासारखे दोन फाटे. बाहेरून तिन्ही लिबलिबीत, आतून तिघांची वंशावळ निराळी.

पण सूक्ष्मदर्शक घरी कुणाकडे असतो? तो नसला तरी अडत नाही. ओंडक्याशी रोजची गाठ असली की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात, आणि माझा आग्रह आहे तो एवढ्यासाठीच. रविवारी गाडी काढून ताम्हिणीला जायचं, धुक्यात पन्नास फोटो काढायचे आणि परत येताना कणसं खायची, याला माझी ना नाही. कणसं मीही खाते. पण त्या एका दिवशी तुम्हाला कान दिसतात ते एकाच अवस्थेत. ही अळंबी म्हणजे एक वस्तू नाही, एक येरझार आहे. ती समजायला तेच लाकूड पुन्हा पुन्हा बघावं लागतं.

येरझार कसली, ते सांगते. अळंबीचं अंग बारीक धाग्यांचं बनलेलं असतं. जेली अळंबीत या धाग्यांच्या भोवती पाणी शोषून फुगणारा, साखरेच्या जातकुळीतल्या लांब रेणूंचा थर असतो. सब्जा पाण्यात टाकल्यावर दाण्याभोवती जे होतं, तसंच काहीसं. पाऊस पडला की हा थर पाणी ओढून घेतो आणि कान टम्म होतो. उघडीप पडली की पाणी उडून जातं आणि कान आक्रसून काळा, कडक, नखाएवढा उरतो. नवख्या माणसाला वाटतं, मेला. तो मेलेला नसतो. पुन्हा सर आली की काही तासांत फुगतो आणि परत बीजाणू सोडायला लागतो. छत्रीवाल्या बहुतेक अळंब्यांना हे जमत नाही. त्या एकदा उगवतात, दोन-चार दिवसांत सडतात. कानअळंबी मात्र तेच अंग महिनाभर वापरते.

म्हणून बघायला सगळ्यात चांगला काळ कोणता, तर श्रावण. आषाढात पावसाची धार तुटत नाही, कान सदा फुगलेले. श्रावणात ऊन आणि सर यांचा खेळ चालतो, तेव्हा सकाळी नऊला फुगलेला कान दुपारी तीनला चुरगळलेल्या कातड्यासारखा आणि संध्याकाळच्या सरीनंतर पुन्हा जिवंत. हे एका दिवसात बघता येतं. शाळेतल्या मुलांना दाखवायचं असेल तर याच दिवसांत दाखवा, सहलीची बस लागत नाही.

घरी करायचा साधा प्रयोग. ओंडका तुमचा असेल तर एक कान खुडा, आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, मग पंख्याखाली दोन दिवस वाळवा आणि पुन्हा तोला. मी वाळवलेल्या एका मूठभर कानांचं वजन पाच ग्रॅम भरलं होतं, साध्या पाण्यात तासभर ठेवल्यावर तेच एकेचाळीस झालं. तुमचा आकडा वेगळा येईल, जात आणि जाडी बदलली की तोही बदलतो. दुसरा प्रयोग बीजाणूंचा. ताजा ओला कान, पोट खाली करून, काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी उपडी घाला, रात्रभर हलवू नका. सकाळी कागदावर पांढरी पूड पडलेली दिसते, कुणी तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारखी. वरची बाजू खाली ठेवली तर कागद कोराच राहतो. हे मी एकदा चुकून केलं आणि दोन दिवस उगाच निराश होते.

ओंडका निवडायचा कसा? पहिली गोष्ट, साल हवी. कानअळंबी सालीच्या भेगांतून डोकं काढते आणि मेल्यावर फार दिवस न झालेल्या लाकडावर येते. अगदी भुसभुशीत, हाताने कुस्करणारं लाकूड निवडू नका, तिथला तिचा हंगाम सरलेला असतो. दुसरी गोष्ट, जाडी. मनगटापेक्षा बारीक काटकी ऊन लागताच वाळते. मांडीएवढा ओंडका आत ओल धरून ठेवतो. तिसरी, जागा. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको. एक बाजू मातीला टेकलेली असावी, म्हणजे जमिनीची ओल चढते. सिमेंटच्या कोब्यावर ठेवलेला ओंडका नुसताच उन्हात तापतो. आणि घराच्या भिंतीपासून, लाकडी दारांपासून लांब ठेवा, कारण वाळवीबद्दल काकांचं म्हणणं खरं होतं. ती दुसऱ्या वर्षी आलीच.

आंबा चालतो हे मी स्वतः बघितलं आहे. मऊ लाकडाची, पानझडी किंवा सदाहरित, पुष्कळ झाडं चालतात. ज्याला रंग, डांबर, वाळवीचं औषध लागलेलं आहे असं लाकूड मात्र घेऊ नका. आणि नुसतं यासाठी झाड तोडू नका, हे सांगायला लागू नये, पण सांगते.

पावसाच्या आकड्यांत फार अडकू नका. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, आंबोलीत ७,००० च्या आसपास. दहापट फरक. पण माझ्या पार्किंगमागच्या ओंडक्यावर कान येतात आणि आंबोलीतल्या उघड्या सड्यावरच्या वाळक्या फांदीवर येत नाहीत. पाऊस किती पडला यापेक्षा लाकूड किती तास सलग ओलं राहिलं, हे महत्त्वाचं. एकदा हे डोक्यात बसलं की रानात फिरतानाही नजर आपोआप योग्य ठिकाणी जाते: ओढ्याकडेला आडवी पडलेली खोडं, दाट सावलीतल्या उताराची खालची बाजू, दोन खडकांत अडकलेली फांदी.

आणि देवराई. गावच्या देवाच्या नावाने राखलेल्या या राईत बऱ्याच ठिकाणी वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक असतो. माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांच्याकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं, तेव्हा चर्चा मुख्यतः झाडांची झाली. पण लाकूड खाऊन जगणाऱ्या अळंबीच्या बाजूने बघा. बाकीच्या रानात पडलेली फांदी मोळीत जाते आणि चुलीत संपते. देवराईत ती पडल्या जागी दहा-पंधरा वर्षं कुजते. मेलेल्या लाकडाला इतकं निवांत मरू देणारी जागा आपल्याकडे दुसरी क्वचितच सापडेल. तिथे गेलात तर गावातल्या कुणाला तरी विचारून जा, चपला कुठे काढायच्या तेही विचारा, आणि काही खुडू नका. बघायला जेवढं मिळतं तेवढं पुरतं.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर प्रश्नच नाही. भीमाशंकर, कोयना, राधानगरी, बोरीवलीचं संजय गांधी उद्यान, कुठेही जा, तिथून काही उचलून आणणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा ठरतो. "एवढीशी बुरशी तर आहे" हे वनरक्षकाला सांगून उपयोग नाही.

रानात ओंडक्याशी वागायची एक शिस्त आहे. ओंडका उलटा करू नका. पोटाखाली हात घालू नका. त्याच ओलीत विंचू, गोम आणि साप राहतात, आणि पावसाळ्यात आंबोलीसारख्या भागात चापडा साप फांदीवर असा वेटोळं करून बसतो की शेजारच्या शेवाळात आणि त्याच्यात फरक दिसत नाही. टॉर्च मारून आधी दोन मिनिटं नुसतं बघा. कानाच्या पोटाची बाजू बघायची असेल तर डोकं खाली घालण्याऐवजी छोटा आरसा खाली धरा. दाढीचा जुना आरसा उत्तम. जळवांसाठी पँट मोज्यांत खोचा आणि मीठ जवळ ठेवा, पण अळंबीवर मीठ सांडू देऊ नका.

बाकी सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, सहा इंची पट्टी, वही, आणि शिसपेन्सिल. पेन पावसात फुटतं, पेन्सिल टिकते. फोटो काढताना पाच फोटो काढा: पूर्ण ओंडका, अळंबी वरून, खालून, बाजूने, आणि झाडाची साल. लोक चार-चार फोटो वरूनच काढतात आणि मग विचारतात, ही कुठली? खालची बाजू नसेल तर तज्ज्ञही खांदे उडवतात. शेजारी रुपयाचं नाणं ठेवलं की आकाराचा अंदाज येतो. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकायचं असेल तर झाडाचं नाव जरूर लिहा. 'लाकडावर' एवढंच लिहिणं म्हणजे पत्ता विचारल्यावर 'पुण्यात' म्हणण्यासारखं आहे.

आता ओळखीतल्या चुका, कारण त्या मी सगळ्या केल्या आहेत. सगळ्यात मोठी चूक शेवग्याने करवली. शेजारच्या बंगल्यातल्या शेवग्याच्या खोडावर लालसर तपकिरी, चकाकणारा, थलथलीत गोळा पाहिला आणि मी मैत्रिणीला फोन करून नवी जात सापडल्याचं सांगितलं. तो डिंक होता. शेवग्याचा डिंक पावसात असाच फुगतो. डिंक ओळखायला सोपा: बोटाला चिकटतो, त्याला वरची-खालची बाजू नसते, आणि तो जखमेतून ओघळलेला असतो. जेली अळंबी चिकटत नाही, नुसती निसटते, आणि तिचा देठ किंवा बूड लाकडात रुतलेलं असतं. दुसरी फसगत, गच्चीवर आणि मैदानावर पावसाळ्यात पसरणारी हिरवट काळी जेली. ते नॉस्टॉक, नील-हरित शैवाल. ते लाकडावर अवलंबून नसतं, मातीवर नाहीतर सिमेंटवर पसरतं. तिसरी, पिवळाधमक फेस, सकाळी ओंडक्याच्या एका टोकाला आणि संध्याकाळी वीतभर पुढे. तो सरकतो! ती श्लेष्मबुरशी, नावात बुरशी असली तरी बुरशीच्या घराण्यातली नाही. चौथी, नाजूक गुलाबी-केशरी पेले, काठाला बारीक केस. त्या कुकिना नावाच्या पेला-अळंब्या. त्या पातळ असतात, दाबल्यावर तुटतात, कानासारख्या वळत नाहीत.

आणि जिला लोक हमखास जेली म्हणून ओळखतात ती नारिंगी. डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथ्युलारिया. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच, चमच्याच्या किंवा छोट्या वल्ह्याच्या आकाराची, साल गेलेल्या उघड्या लाकडाच्या भेगांतून ओळीने उभी राहते, केशरी रंगाची चिमुकली दिंडी निघाल्यासारखी. वाळली की गडद लाल होऊन लाकडाला चिकटते. गंमत म्हणजे या चिमुकलीच्या पेशींपासून मिळणाऱ्या ग्लायकोलिपिडांना युरोपीय संघाने २०२२ मध्ये शीतपेयं टिकवण्यासाठी परवानगी दिली, आणि क्रमांक दिला ई २४६. पुढच्या वेळी परदेशी बाटलीवर तो आकडा दिसला तर ओळख असल्यासारखं हसा.

पण हीच केशरी अळंबी तुमच्या खिडकीच्या चौकटीवर दिसली तर हसू नका. ती काय खाते ते आधी समजून घ्या. लाकडात दोन मुख्य गोष्टी असतात: सेल्युलोजचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारं लिग्निन. कानअळंबी लिग्निनही खाते, त्यामुळे लाकूड हळूहळू फिकट, तंतुमय, स्पंजासारखं हलकं होतं. नारिंगीच्या घराण्याचा भर सेल्युलोजवर, लिग्निन मागे राहतं, म्हणून लाकूड तपकिरी पडतं आणि त्याला आडव्या-उभ्या चिरा जाऊन चौकोनी तुकडे सुटतात. घराच्या लाकडात हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण ताकद सेल्युलोजमध्ये असते. वरून चौकट शाबूत दिसते आणि आत स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात जावा तसा जातो.

अशा वेळी अळंबी खरवडून वर ऑइलपेंट मारणं हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि निरुपयोगी. अळंबी हे फळ आहे, झाड आत लाकडात पसरलेलं आहे. रंगाने ओल आत कोंडली जाते आणि तिचंच भलं होतं. पहिलं काम पाणी शोधायचं. कोकणातल्या जुन्या घरांत पागोळ्या थेट उंबरठ्यावर नाहीतर पडवीच्या खांबाच्या बुडाशी पडतात. शहरात खिडकीच्या वरचा छज्जा फुटलेला असतो, एसीच्या पाइपचं पाणी चौकटीवर ठिबकत असतं. ते पाणी वळवा, लाकूड पूर्ण वाळू द्या, मग सुताराला बोलावून मऊ झालेला भाग टोचून बघायला सांगा. कोरडं राहिलेलं लाकूड कुठलीच अळंबी खाऊ शकत नाही. एवढं जमलं तर औषधाची गरज बहुधा पडत नाही.

बागेतल्या जिवंत झाडावर कान दिसले तर लोक घाबरून फोन करतात. "ताई, आंब्याला रोग लागलाय, सगळीकडे कान आलेत." बघायला गेलं की कान असतात ते वाळलेल्या फांदीवर किंवा जुन्या कापाच्या मेलेल्या खुंटावर. फांदी आधी मेली, कान नंतर आले. त्यांनी झाडाचा मेलेला भाग कुठवर आहे, हे दाखवून दिलं, एवढंच. पाऊस ओसरला की ती फांदी जिवंत लाकडापर्यंत मागे कापा, फांदी खोडाला मिळते तिथे जो फुगीर गळा असतो तो न दुखवता, आणि कापावर बोर्डो पेस्ट लावा. खुंट सोडू नका. खुंट म्हणजे पुढच्या वर्षीच्या कानांना आमंत्रण. आणि कापलेली फांदी जाळण्याऐवजी, आता तुम्हाला कळलंच असेल, कोपऱ्यात टाका.

ट्रेमेलाचं प्रकरण थोडं गमतीचं आहे म्हणून सांगते. पांढऱ्याशुभ्र, फुलाच्या पाकळ्यांसारख्या झुबक्याची ट्रेमेला फ्युसिफॉर्मिस लाकडावर उगवलेली दिसते, पण लाकूड पचवण्याची ताकद तिच्यात फारशी नाही. ती लाकडातल्या दुसऱ्या एका काळ्या बुरशीच्या धाग्यांवर जगते. चीनमध्ये तिची लागवड नीट जमली ती हे कळल्यावर. आता तिकडे दोघींचं मिळून विरजण लाकडाच्या भुशात घालतात. तेव्हा पांढरी जेली दिसली की तिच्या आसपास काळे, कोळशासारखे खडबडीत डाग आहेत का ते बघा. यजमानीण बहुतेक शेजारीच असते.

खाण्याबद्दल विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. चीनमध्ये कानअळंबीची लागवड सातव्या शतकापासून चालत आलेली मानतात, आणि तिची मागणी इतकी होती की १८७० च्या दशकात न्यूझीलंडच्या तारानाकी भागात च्यू चाँग नावाच्या चिनी व्यापाऱ्याने शेतकऱ्यांकडून वाळलेले कान रोख पैसे देऊन विकत घ्यायला सुरुवात केली. जंगल तोडून शेती करणाऱ्या कंगाल वसाहतकऱ्यांच्या तोडलेल्या ओंडक्यांवर ते फुकट उगवत होते. तिकडे त्यांना 'तारानाकीची लोकर' असं नाव पडलं. ईशान्य भारतातही ही भाजी आवडीची आहे. पण तुमच्या ओंडक्यावरची तुम्ही खाऊ नका. रानातली कुठलीही अळंबी, ती ओळखून वर्षानुवर्षं खाणारा माणूस शेजारी उभा असल्याशिवाय तोंडात घालायची नाही, हा नियम मी कानअळंबीसाठीही मोडत नाही. ओंडक्याच्या झाडावर कोणती फवारणी झाली होती ते आपल्याला ठाऊक नसतं.

खायचीच असेल तर दुकानातली वाळलेली घ्या, आणि भिजवताना काळजी घ्या. उष्ण हवेत रात्रभर ओट्यावर भिजत ठेवलेल्या कानांत एक जिवाणू बोंगक्रेकिक आम्ल नावाचं विष तयार करू शकतो. चीनमध्ये यातून मृत्यू झालेले आहेत, आणि हे विष शिजवून जात नाही. नाव आलं ते इंडोनेशियातल्या नारळाच्या टेंपेवरून, तिथेही याच विषाने माणसं दगावली होती. म्हणून गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवा, लगेच निथळा, खळखळून उकळा, उरलं तर टाकून द्या. २०२० मध्ये अमेरिकेत अशाच वाळलेल्या कानांतून साल्मोनेलाची लागण पसरली होती, त्यामुळे उकळण्याच्या बाबतीत आळस नको. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरपूर खाऊ नका. १९८० मध्ये मिनेसोटातले डॉक्टर डेल हॅमरश्मिट यांनी दाखवून दिलं की या अळंबीमुळे रक्तातल्या प्लेटलेट एकमेकांना चिकटण्याचं प्रमाण घटतं. तिखट चिनी जेवणानंतर उठणाऱ्या निळ्या डागांचं कोडं त्यातून सुटलं.

राहता राहिली वही. रोज लिहायची गरज नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. तारीख, पाऊस कालपासून पडला की नाही, कान किती, सगळ्यात मोठा किती सेंटीमीटर, फुगलेले की सुकलेले, आणि लाकडाला अंगठा दाबल्यावर खूण उठते का. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळे विसरतात. सोबतचे भाडेकरूही लिहा. माझ्याकडे कानांच्या आधी पंख्यासारखी छोटी, पांढरी, लोकरी अळंबी येते, खालचे पडदे मधोमध चिरलेले. तिचं नाव शिझोफायलम. ती आली की आठ-दहा दिवसांत कान येतात, माझ्या ओंडक्यावर तरी तीन वर्षं हेच झालं. तुमच्याकडे उलटही होईल. झालं तर लिहून ठेवा.

माझ्या वहीत दुसऱ्या वर्षी सात कान आहेत, तिसऱ्या वर्षी एकदा मोजलेले एकतीस, यंदा नागपंचमीपर्यंत चार. साल बहुतेक गळून गेली आहे आणि तिच्याखालच्या उघड्या लाकडावर मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच केशरी वल्ह्यांची ओळ उभी राहिली. काल काकांनी पायाने ओंडका जरासा हलवला. पूर्वी तो पायाने हलला नसता.

"ताई, हा आता हलका झाला. शिरिषाची फांदी पडलीय तिकडं गेटापाशी. ठेवू का बाजूला?"